ताऱ्यावरची वाफ

प्रश्न: सर, थंड ताऱ्यांच्या वातावरणात पाण्याची वाफ असते असं वाचलं. तीन हजार अंशांत पाणी टिकतं कसं? आणि तिचा हिशेब करायला कोट्यवधी रेषा कशाला लागतात?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर: टिकतं, कारण उकळणं वेगळं आणि रेणू फुटणं वेगळं. सूर्याच्या पृष्ठभागावर 5500 अंश सेल्सियसला पाण्याचा रेणू तग धरत नाही, 3000 च्या आसपास धरतो. सूर्यावरच्या काळ्या डागांत तापमान तेवढं उतरतं, आणि तिथेही 1995 मध्ये वाफ सापडली. लाल बटू, म्हणजे छोट्या, थंड ताऱ्यांच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालपलीकडच्या प्रकाशाच्या) वर्णपटात तर तिचाच वरचष्मा.

आता रेषा, म्हणजे वाफेने प्रकाशातल्या ठरावीक तरंगलांबी शोषल्या की वर्णपटात पडणाऱ्या बारीक काळ्या रेघा. आपल्या हवेतल्या वाफेचं काही लाख रेषांत भागतं. रेणू तापला की इतक्या तऱ्हांनी थरथरतो, गिरक्या घेतो, की शोषणाच्या नव्या रेषा निघतच राहतात. एकेकटी किरकोळ, झुंडीने मात्र प्रकाश अडवतात. एवढ्या साऱ्या प्रयोगशाळेत मोजणं आवाक्याबाहेरचं, म्हणून त्या पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) गणिताने काढतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची 2006 ची यादी 50 कोटी रेषांची होती, 2018 ची 500 कोटींच्या वर गेली.

मग साऱ्या रेषांच्या शोषणाची सरासरी काढून मोकळं का होऊ नये? पूर्वी तसं करत, आणि घोटाळा तिथेच होता. दिंडोरी रोडला रोपवाटिकांवर शेडनेट असतं ना, त्यातले दोरे वितळवून तेवढ्याच जागेवर सलग पातळ थर दिला, तर ऊन जास्त अडेल. नेटच्या भोकांतून ते खाली येतंच. रेषांच्या फटींतून प्रकाश असाच निसटतो. सरसकट सरासरी धरली की वाफ आहे त्याहून अपारदर्शक ठरते आणि ताऱ्याच्या बाहेरच्या थरांचं तापमानच चुकतं.

त्यात ताऱ्याची वाफ 1.4 आणि 1.9 मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात दिसते, तिथेच आपल्या हवेतली वाफ आडवी येते. (जुलैत गंगापूर रोडच्या आमच्या गच्चीवर दुर्बीण काढायचीच सोय नसते, तो भाग वेगळा!) म्हणून 1963 मध्ये स्ट्रॅटोस्कोप-2 ही दुर्बीण बलूनला टांगून वर नेली आणि लाल राक्षसी ताऱ्यांतली वाफ टिपली.

आज हे गणित ग्रह शोधणाऱ्यांना जास्त छळतं. 2023 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला जीजे 486 बी या ग्रहाच्या निरीक्षणांत वाफेची खूण दिसली. ती ग्रहाची की त्याच्या लाल ताऱ्यावरच्या थंड डागांची, हे त्या निरीक्षणांवरून काही ठरलं नाही.