प्रायश्चित्त : क्षमेच्या आधी की नंतर?

प्रश्न : वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली) करून आली, तेव्हा फादरांनी प्रायश्चित्त म्हणून तीन वेळा ‘नमो मरिया’ म्हणायला सांगितल्याचे ती सहज बोलून गेली. आपण तर ‘त्या चुकीचे प्रायश्चित्त जन्मभर भोगले’ असे म्हणतो. मग ख्रिस्ती धर्मातले प्रायश्चित्त इतके सोपे कसे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तीन प्रार्थना ही पापाची किंमत मानली तर ती क्षुल्लकच वाटेल, पण कॅथलिक धर्मशास्त्र तिला किंमत मानत नाही. फादर प्रायश्चित्त नेमून देतात, क्षमेचे शब्द उच्चारतात, आणि नेमलेले प्रायश्चित्त मग क्षमा मिळालेला माणूस बाहेर येऊन पार पाडतो. क्षमेने पाप जाते, मात्र पापाने केलेले नुकसान आपोआप भरून निघत नाही, ही त्यामागची धारणा. म्हणूनच चोरी करणाऱ्याची सुटका नुसत्या प्रार्थनेवर होत नाही. चोरलेले परत करावे लागते, आणि कोणाची बदनामी केली असेल तर ती शक्य तितकी निस्तरावी लागते. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय निम्मी मालमत्ता गोरगरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परतफेड देऊ करतो, पण ती येशू त्याच्याकडे उतरायला निघाल्यानंतर, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हा क्रम नेहमीच असा नव्हता. पहिल्या काही शतकांत खून, व्यभिचार किंवा धर्मत्याग अशा पापांसाठी चारचौघांत, कधी वर्षानुवर्षे, प्रायश्चित्त करावे लागे आणि त्यानंतरच मंडळीत पुन्हा प्रवेश मिळे. तीही संधी आयुष्यात एकदाच. इ.स. 390 मध्ये थेस्सलोनिका येथील कत्तलीबद्दल मिलानचे बिशप अँब्रोज यांनी खुद्द सम्राट थिओडोसियसला असे जाहीर प्रायश्चित्त करायला लावले. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगी आणि पुनःपुन्हा करता येण्याजोग्या पापनिवेदनाची रीत रुजवली. कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्यावर राहायचे याची कोष्टकेच त्यांनी तयार केली होती. 1215 च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या धर्मसभेने, वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. प्रायश्चित्तातून सूट देणाऱ्या पत्रांचा बाजार भरू लागला, तेव्हा 1517 मध्ये प्रॉटेस्टंट पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी मांडलेल्या 95 मुद्द्यांपैकी पहिलाच असा होता की, श्रद्धावंताचे अवघे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे. त्यामुळे नगर-पुण्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळींत पश्चात्तापावर भर दिसतो, फादरांनी नेमून दिलेले प्रायश्चित्त मात्र दिसत नाही.

रोजच्या मराठीत आपण प्रायश्चित्त ‘घेतो’ त्यापेक्षा ‘भोगतो’ अधिक. निवडणूक हरलेल्या पक्षाने ‘प्रायश्चित्त भोगले’ असे छापून येते, तेव्हा तिथे ना कबुली असते ना स्वेच्छा. असतो तो केवळ परिणाम. माझ्या मते आपल्याला पडलेला प्रश्न या वापरातूनच आला आहे, कारण भोगायची गोष्ट सोपी असूच शकत नाही.

‘घेण्या’चे ठळक उदाहरण आपल्याच पुण्यातले आहे, आणि गंमत म्हणजे त्यात ख्रिस्ती मिशनही आहे. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक, रानडे आदींवर ग्रामण्य (जातीबहिष्काराचा वाद) उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि पुढे सुधारकांचा रोष पत्करून न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. तिथला प्रश्न निषिद्ध संसर्गाचा आणि जातीत राहण्याचा होता. कप हाती घेणाऱ्याच्या मनात काय होते, याची चौकशी गौण होती. पापनिवेदनात नेमके उलट आहे. जाणूनबुजून आणि स्वेच्छेने केलेले नसेल तर ते गंभीर पाप ठरत नाही, आणि मनात पश्चात्ताप नसेल तर फादरांनी उच्चारलेली क्षमाही लागू पडत नाही, मग नेमून दिलेल्या प्रार्थना तीन असोत की तीनशे.