ज्योतिष हे शास्त्र आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने खरंच दिलाय का?

मुलीच्या पत्रिकेवरून घरात वाद झाला आणि मेहुण्यांनी "सुप्रीम कोर्टानंच ज्योतिषाला शास्त्र ठरवलंय" असं म्हणून तुम्हाला गप्प केलं, असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मीही अनेक लग्नघरांत ऐकलंय. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, वकील नाही. पण हा विषय माझ्या घरापर्यंत येऊन गेलाय, म्हणून त्याच्या मागे लागून बरंच वाचलं.

२००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांमध्ये 'ज्योतिर्विज्ञान' हा विषय सुरू करायचं ठरवलं. हैदराबादचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ पुष्प मित्र भार्गव याविरुद्ध आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात गेले. तिथे याचिका फेटाळली गेली, म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २००४ मध्ये तिथेही ते हरले. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: विद्यापीठात काय शिकवावं हे त्या क्षेत्रातल्या तज्ज्ञ मंडळींनी ठरवायचं, आम्ही त्यात पडणार नाही, शिवाय विषय ऐच्छिक आहे, सक्ती कुणावर नाही. म्हणजे आयोगाला हा निर्णय घ्यायचा अधिकार आहे का, एवढ्याच प्रश्नाचा तो निवाडा होता. पत्रिकेवरून सांगितलेलं भविष्य खरं ठरतं का, हे तिथे कुणी तपासलं नाही. तपासायचं म्हटलं तरी कोर्टाकडे त्याची सोय नसते.

पुढे २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ज्योतिषाच्या जाहिरातींविरुद्ध एक जनहित याचिका होती. ती फेटाळताना २००४ च्या निकालाचा आधार घेतला गेला आणि ज्योतिष शास्त्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने आधीच ठरवलंय, असं म्हटलं गेलं. वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. 'यात आम्ही पडणार नाही' याचं सात वर्षांत 'हे शास्त्र आहे' झालं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वाईट याचं वाटतं.

आपल्या भाषेचाही यात हात आहे. आपण पाकशास्त्र म्हणतो, धर्मशास्त्र म्हणतो, नाट्यशास्त्र म्हणतो. नियमांची नीट मांडणी केलेली कोणतीही विद्या आपल्याकडे शास्त्रच. त्या अर्थाने ज्योतिष शास्त्र आहे, हे मी आनंदाने मान्य करीन. पण पदार्थविज्ञान ज्या अर्थाने शास्त्र, त्या अर्थाने म्हणायचं असेल तर भाकीत आधी सांगावं लागतं आणि चुकलं तर चुकलं म्हणावं लागतं.

तशी परीक्षा आपल्या पुण्यातच झालीय. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे जणांचे जन्मतपशील गोळा केले. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, याची नोंद कुंट्यांकडे बंद. ज्योतिषांना आवाहन केलं: प्रत्येकी चाळीस पत्रिका घ्या आणि मूल कोणत्या गटातलं एवढंच सांगा. चाळीसपैकी अठ्ठावीस बरोबर आल्या तर उत्तीर्ण. काहींनी या परीक्षेवर बहिष्काराची भाषा केली, तरी २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. मला त्या सत्तावीस जणांबद्दल आदर आहे, कारण ते परीक्षेला बसले. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तर ५० च्या आसपास आली असती. सर्वांत चांगला निकाल चाळीसपैकी २४ होता. अठ्ठावीसपर्यंत कुणीच पोचलं नाही. हे सगळं पुढच्या वर्षी 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं.

आता माझ्या घराचं. माझ्या थोरल्या बहिणीची दोन स्थळं मंगळामुळे मोडली. तेव्हा मी कॉलेजात होतो. एका रात्री वहीवर हिशोब मांडला. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की मुलगी मंगळाची. बारातली पाच स्थानं, म्हणजे शंभरात सुमारे बेचाळीस जणांना मंगळ! पत्रिका जुळवताना पाहतात त्या नाड्या तीनच, म्हणून कोणत्याही दोघांची एकनाड (दोघांची नाडी एकच, हाही दोष मानतात) होण्याची शक्यता तीनात एक. दारात आलेल्या पाहुण्यांसमोर हे मांडायचं धाडस मला झालं नाही. आई मात्र ती वही कितीतरी वर्षं जपून होती.

एक गोष्ट तुमच्या बाजूनेही नीट सांगा. ज्योतिष पाहणं बेकायदा नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही ज्योतिषांचा सल्ला, वारी, कीर्तन, नवस यांना हात लावलेला नाही. तो कायदा फसवणूक, छळ आणि जिवाला होणारा धोका पाहतो, कुणाची श्रद्धा खरी की खोटी हे ठरवत नाही. मेहुण्यांना पत्रिका पाहायचा पूर्ण हक्क आहे, हे आधीच मान्य करून टाका. अर्धा वाद तिथेच निवळेल.

मग भार्गवांच्या खटल्याचं निकालपत्र काढा आणि दोघं मिळून वाचा. फार मोठं नाही, चहा होईपर्यंत वाचून होतं. एखादी पत्रिका तपासून भाकीत खरं निघालं, असं त्यात कुठे लिहिलंय, ते मेहुण्यांनाच शोधायला सांगा. आणि त्या वेळी मुलीलाही शेजारी बसवा. लग्न तिचं आहे.