मदत केली, आणि शेजारीण बोलेनाशी झाली

प्रश्न : मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते, पतसंस्थेत नोकरी करते. दर सोमवारी सिद्धेश्वराला जाते, जमेल तसा दानधर्म करते. समोर राहणाऱ्या विडी कामगार बाईंच्या मुलीची नर्सिंगची तीन वर्षांची फी मी दिली. पहिल्या वर्षाचे पैसे आमच्याकडे भिशी होती तेव्हाच दिले, सगळ्यांना कौतुक वाटलं. आता मुलगी पास होऊन पुण्यात नोकरीला लागली, आणि मला ते किराणा दुकानात कळलं. पेढासुद्धा आला नाही. तिची आई मला पाहिलं की आत निघून जाते. सासूबाईंना नुकतंच इन्सुलिन सुरू झालंय, घरात गडबड आहे, तरी माझ्या डोक्यात हेच. राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते. मिस्टर म्हणतात, दिलं ते विसरून जा. मैत्रिणी म्हणतात, तूच डोक्यावर बसवलंस. माझी श्रद्धाच खोटी का? त्यांचा धाकटा मुलगा दहावीला आहे. त्याच्यासाठी काही करू की नको?

उत्तर :

ताई, राग आला म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही. ज्या तळ्याकाठून तुम्ही दर सोमवारी जाता, ते सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांनीच, बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून खोदलं. परंपरेत अशी गोष्ट सांगतात, की काम चालू असताना शरण संत अल्लमप्रभू तिथे आले आणि सिद्धरामांबद्दल तुच्छतेनं बोलले. लोकांनी त्यांच्यावर दगड उचलले, खुद्द सिद्धरामही संतापले. मग दोघांचं बोलणं झालं आणि सिद्धराम बसवण्णांच्या कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला, गेले. एवढ्या मोठ्या माणसालाही अवमान लागला. त्यामुळे तळ्याचं पाणी काही खोटं ठरलं नाही. तुम्ही भरलेली फीही खोटी ठरत नाही. एक मुलगी आज पेशंटची सेवा करतेय.

पण भिशीच्या वाक्यापाशी मी अडले. तुम्ही ते सहज लिहिलंय. त्या दिवशी समोरच्या बाईंना कसं वाटलं असेल, ते पत्रात कुठेच नाही.

विडीचं काम तुम्ही रोज बघता. पानं आणि तंबाखू घरी आणायची, पानं भिजवून कापायची, मान मोडेपर्यंत वळत बसायचं आणि माल परत नेऊन द्यायचा. मजुरी हजार विड्यांमागे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. जिची कमाई अशी हजारांत मोजली जाते, तिला तुमची तीन वर्षांची फी म्हणजे किती हजार विड्या, हे पाठ असणार. तुमच्या दाराकडे बघितलं की तिला तो आकडा दिसत असेल. तिच्या आत निघून जाण्याचं कारण मला तरी कृतघ्नतेपेक्षा हे ओझं वाटतं.

अक्कलकोटच्या अन्नछत्रात आपण पंगतीला बसतो, जेवतो आणि मोकळे होतो. वाढणाऱ्याची आणि आपली पुन्हा गाठ पडत नाही, म्हणून तिथे घेणं सोपं असतं. तुमच्या गल्लीत मात्र पाणी सुटलं की दोघी समोरासमोर. शेजाऱ्याला देणं फार नाजूक काम आहे, ताई, आणि ते तुम्ही तीन वर्षं केलंत, याचं मला मोल आहे. राहिलंय ते एवढंच, की तिलाही तुम्हाला काही देता आलं पाहिजे. धन्यवाद तर मुळीच मागू नका. ते मागून मिळाले तर तुम्हालाच टोचतील.

सासूबाईंचं इन्सुलिन आहे ना? ही खरी गरज आहे आणि त्यातलं जाणणारी मुलगी तुमच्यासमोरच लहानाची मोठी झालीय. एखाद्या संध्याकाळी एकट्या जा, उंबऱ्यात उभ्या न राहता आत बसा, त्यांच्या हातचा चहा घ्या. पैशाबद्दल एकदाच बोला : "ते उसने दिले नव्हते, फेडायचे नाहीत." मग मुलीचा नंबर मागा. तिला फोन करून विचारा, सुई पोटावर जागा बदलत कशी द्यायची, शुगर उतरली तर आधी काय करायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं असतंच, पण घरातल्या माणसाला दहा शंका असतात. तिला सांगू द्या, आणि तुम्ही ऐका. नोकरीचा विषय तीच काढेल.

नाही काढला तर? शक्य आहे. विशीतल्या मुलीला नव्या शहरात, नाइट ड्यूटीत सुचतही नाही. आई-मुलगी खरोखर बेपर्वा निघाल्या, असंही होऊ शकेल. तेव्हा वाईट वाटू द्या, ते खरंच आहे. "विसरून जा" हा मिस्टरांचा सल्ला चांगल्या मनाचा आहे, पण समोरचं दार रोज दिसत असताना विसरणं होत नाही, त्यासाठी स्वतःला बोल लावू नका. मैत्रिणींचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. गरीब माणसानं आपल्यापुढे वाकून राहावं, ही अपेक्षा त्यात लपलेली आहे.

आता धाकट्याबद्दल. हो, करा. पण पाकिटाआधी तुमच्या हाती जे आहे ते द्या. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो आणि आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. पुष्कळ घरं फॉर्म आणि बँक खात्याच्या घोळात अडकून हे पैसे सोडून देतात. तुम्ही पतसंस्थेत आहात, कागदपत्रांना घाबरत नाही. मुलाला शेजारी बसवून अर्ज त्यालाच भरू द्या, कागद तेवढे तुम्ही तपासा. ते पैसे त्याच्या आईच्या कामाच्या हक्काचे आहेत, त्यांचं ओझं कुणाला होणार नाही.

एवढं करूनही फी कमी पडली आणि त्यांनी आपणहून विचारलं, तर मिस्टरांशी बोलून झेपेल तो आकडा ठरवा. पैसे कॉलेजच्या खिडकीवर भरा, पावती त्याच्या आईकडे द्या आणि भिशीत हा विषय काढू नका.