पहिल्या २०० किमीच्या ब्रेव्हेसाठी पॉवर मीटर घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: डिसेंबरात २०० किमीची पहिली ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची आहे, हातात स्मार्टवॉच आहे, पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. मग पॉवर मीटर (पायाचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) घ्यावा, दंडावर लावायचा, अंगातली साखर दाखवणारा पॅच, की आणखी काही?

आधी हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्या. पॉवर मीटर जमेल तेव्हा. पॅचच्या नादी लागू नका.

मी इंदूरचा. रोज सुपर कॉरिडॉर, रविवारी सिमरोलमार्गे चोरल. जाताना उतार, तेव्हा सगळेच शूर. परतीचा घाट मात्र घाम काढतो. तिथे एकदा मला धड बोलताही येईना आणि मनगटावरचं घड्याळ म्हणतंय ठोके ९६! क्षणभर छाती फुगली, म्हटलं काय तब्येत कमावलीय. मग एका ढाब्याशी थांबलो, मानेवर बोटं ठेवून मोजलं. पंधरा सेकंदांत ४१ ठोके, म्हणजे मिनिटाला १६४. घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत सोडून रक्ताची ये-जा टिपतं. हँडल घट्ट आवळलं, मनगट मुडपलं, वर खड्ड्यांचे हादरे, की त्याचा अंदाज चुकतो. पट्टा थेट हृदयाचा विद्युत संदेश पकडतो. पोलार कंपनीने असा बिनतारी पट्टा १९८२ मध्येच बाजारात आणला होता, म्हणजे यात नवीन काहीच नाही. फक्त घालण्याआधी त्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या करा, नाहीतर थंडीत घाम येईपर्यंत तो काहीही आकडे दाखवतो.

आता पॉवर मीटर. जर्मनीत उलरिख शोबेरर यांनी १९८६ मध्ये एसआरएम नावाचा पॉवर मीटर काढला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. पायाच्या जोराने क्रँक (पेडल जोडलेला दांडा) किंवा पेडलचा धातू अगदी किंचित वाकतो, तो वाक मोजायचा, त्याला फिरण्याच्या वेगाने गुणायचं, की वॅट मिळाले. वारा समोरून असो की पाठून, वॅट खोटं बोलत नाहीत. पण एका बाजूचा स्वस्त मीटर डाव्या पायाचा आकडा दुप्पट करून सांगतो, हे लक्षात असू द्या. आणि सायकल घरातून बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबून झिरो ऑफसेट करा, म्हणजे जोर नसताना मीटर शून्यावर आणा. तापमान बदललं की आकडा सरकतो.

खरी मजा दोन्ही एकत्र असले की कळते. गेल्या मे महिन्यात बायपासवर सकाळी सातला १३० वॅटला माझे ठोके १३४ होते. साडेदहाला तेच १३० वॅट, ठोके १५३. मी काही जास्त जोर लावत नव्हतो. घामाने रक्तातलं पाणी घटतं, उरलेल्यातलं बरंचसं अंग थंड करायला कातडीकडे जातं, मग हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त धावावं लागतं. नुसता पॉवर मीटर असता तर मी तसाच रेटत राहिलो असतो. त्या दिवशी सावली बघून उतरलो, दोन बाटल्या पाणी आणि मीठ-लिंबू.

पॅच रक्तातली साखर मोजतच नाही. कातडीखालच्या द्रवातली मोजतो आणि काही मिनिटं मागे असतो. सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआयने २०२१ मध्ये शर्यतीत त्याच्यावर बंदी घातली, आणि खेळाडूंसाठी तो विकणारी सुपरसेपियन्स कंपनी २०२४ मध्ये बंद पडली. ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराला जरा कमीच. दर अर्ध्या तासाला खिशातली चिक्की तोंडात टाका, झालं. आमच्यातले दोघे पोहे-जिलेबी हाणून निघतात आणि चाळीस किलोमीटरपर्यंत ढेकर देतात, ते मात्र करू नका.

उद्या पैसे सुटले तर पॉवर मीटरच्याही आधी मी मागचा रडार घेईन, सीटखाली बसणारा. गार्मिनचा व्हेरिया १४० मीटरवरून येणारी गाडी टिपून हँडलवरच्या पडद्यावर ठिपका दाखवतो. खंडवा रोडवर ट्रकचा हॉर्न ऐकू येण्याआधी मी कडेला झालेलो असतो. तुमच्याच वेगाने मागे चिकटलेली गाडी मात्र त्याला कळत नाही, आणि समोरून उलट्या बाजूने येणारे आपले इंदुरी बंधू तर नाहीच नाही. तेजाजीनगर ओलांडून भंवरकुआच्या गर्दीत शिरलो की मी त्याचा आवाजच बंद करतो, नाहीतर घरापर्यंत टूं टूं थांबत नाही.