प्रश्न चुकतात म्हणून सोडवायचेच नाहीत?

"मॅडम, प्रश्न सोडवायला बसलं की निम्मे चुकतात. मग वाटतं, आधी सगळं वाचून होऊ दे, प्रश्नांचं नंतर बघू." एफएमजीईची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हे मी सतत ऐकते. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांना इथे डॉक्टरकी करायची तर ही परीक्षा द्यावीच लागते. ३०० प्रश्न असतात, १५० गुण मिळाले की पास.

वरचे शब्द ज्या मुलीचे, ती किरगिझस्तानातून शिकून आलेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पहिल्या प्रयत्नात थोडक्यात हुकलं होतं. वडिलांनी कर्ज काढलेलं, लग्नकार्यात गेलं की कुणीतरी विचारणारच, "काय, दवाखाना कधी काढतेस?" अशा मनःस्थितीत चुकलेला प्रत्येक प्रश्न तिला 'तू पुन्हा नापास होणार' असंच सांगायचा. नोट्स वाचताना मात्र बरं वाटायचं, कारण सगळं ओळखीचं वाटायचं.

मी तिला दिवसभराचा अभ्यास लिहून आणायला सांगितला. दोन महिने अ‍ॅनाटॉमीतच (शरीररचनाशास्त्रातच) गेले होते. त्या विषयाला ३०० पैकी १७ गुण. पीएसएमला, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यकशास्त्राला ३०, आणि तिथवर ती पोचलीच नव्हती. प्रश्नांना हात लावला असता तर ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात लक्षात आली असती.

प्रश्न ती अगदीच सोडवत नव्हती असं नाही. एकच संच पुन्हा पुन्हा सोडवून त्यात भरपूर गुण मिळवायची, नव्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत मात्र घसरायची. असाच चुकलेला एक प्रश्न तिने मला दाखवला. काही आठवड्यांचं बाळ, दूध पाजलं की जोरात उलटी, उलटीत पित्त नाही. रक्तातले बदल ओळखा. जुन्या संचात याच आजाराच्या प्रश्नात पोटात 'ऑलिव्हसारखी गाठ' असायची. तो शब्द दिसला की ती 'पायलोरिक स्टेनोसिस'वर टिचकी मारायची. इथे तो शब्दच नव्हता.

मी डॉक्टर नाही, म्हणून म्हटलं, "मला समजावून सांग." तिने सुरुवात केली. जठराचं आतड्याकडे उघडणारं तोंड अरुंद झालेलं, उलटीतून आम्ल बाहेर जातं, म्हणून क्लोराइड घटतं, पोटॅशियमही घटतं, रक्त अल्कलीकडे झुकतं. बोलता बोलता थांबली. "अहो मॅडम, हे तर मला येतंय!" येत होतंच. पण ते आठवून काढायचा सराव कधी झाला नव्हता, फक्त ओळखायचा झाला होता.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के, तर न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं. प्रश्न सोडवणं म्हणजे अभ्यासानंतरची तपासणी नव्हे, तोच अभ्यास आहे, हे मी मुलांना कळकळीने सांगते ते यामुळे.

मग आम्ही तिची सवय बदलायला घेतली. विषय उघडला की आधी त्यातले थोडे प्रश्न, मग वाचन. पर्याय हाताने झाकून उत्तर आधी मनात म्हणायचं. उरलेले तीन पर्याय का चूक, हेही तोंडाने सांगायचं. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तो द्यावाच. चुकांच्या वहीत प्रश्न उतरवायचा नाही, चुकण्याचं कारण लिहायचं: माहीतच नव्हतं, आठवलं नाही, की घाईत 'नाही' हा शब्द सुटला. तोच प्रश्न काही दिवसांनी, दुसऱ्या विषयांत मिसळून पुन्हा. सुरुवातीला गुण आणखी घसरले आणि ती रडली. मी वही उघडायला लावली. 'माहीतच नव्हतं' हे कारण कमी होत चाललं होतं, 'घाई' मात्र तशीच होती. घाईवर उपाय करता येतो.

तिच्या वडिलांनाही बोलावून घेतलं. रोज संध्याकाळी "आज किती आले?" विचारू नका, एवढीच विनंती केली. त्यांनी ती पाळली.

शेवटचे काही आठवडे तिने १५० प्रश्नांचा एकेक भाग घड्याळ लावून, सलग अडीच तास बसून सोडवला. परीक्षेच्या पहिल्या प्रयत्नात भीतीपोटी बरेच प्रश्न तिने कोरे ठेवले होते. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे या वेळी एकही कोरा ठेवायचा नाही असं ठरलं होतं. निकाल लागला, ती पास झाली. सध्या तिची इंटर्नशिप चालू आहे.