लिबर्टेरियन समाज प्रत्यक्षात चालू शकेल का?

लिबर्टेरियन समाज म्हणजे जिथे सरकार नाममात्र किंवा नाहीच, सक्तीची वसुली नाही, आणि सगळं राजीखुशीच्या करारांवर चालतं. जिथून माणूस नको वाटलं की उठून जाऊ शकतो, तिथे चालेल, अगदी छान चालेल. जिथे भिंत, पाइप, हवा आणि आग सामाईक आहे, तिथे नाही चालणार. खरं तर उत्तर इथेच संपतं. पण हा वाद मी पुस्तकात वाचण्याआधी आमच्या जिन्यात ऐकलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची इमारत पाच मजल्यांची. मी तिथे बरीच वर्षं खजिनदार होतो, म्हणजे बिनपगारी शिव्या खायचं पद. तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात. हुशार, भरपूर वाचलेले, व्यवहाराला चोख, कुणाचं देणं एक दिवस ठेवणार नाहीत. आणि पक्के लिबर्टेरियन. एका सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. मग लिफ्टचे पैसे माझ्याकडून कुठल्या नैतिक अधिकाराने घेता?" मी नियमावली पुढे केली. त्यावर म्हणाले, "चोरीचा नियम लिहून काढला म्हणून ती वसुली होत नाही. तुम्ही सरकारची खिशातली आवृत्ती आहात." सभेत हशा पिकला. तो हशा मी विसरलेलो नाही.

ठरलं मग, जो वापरेल तो भरेल. लिफ्टला कार्ड बसवलं. पहिल्या मजल्याने लगेच अंग काढून घेतलं, त्यात गैर काही नव्हतं. पण लिफ्टच्या देखभालीचा करार माणसं मोजून होत नाही. चार घरं वापरोत की वीस, रक्कम तीच. पहिला मजला गळाला तसा उरलेल्यांचा वाटा वाढला. वाटा वाढल्यावर दुसऱ्या मजल्याला एकाएकी जिना चढण्याचे फायदे पटले. मग तिसऱ्यावरचे गळू लागले. प्रत्येकाचा हिशोब आपापल्यापुरता चोख होता, आणि त्या सगळ्या चोख हिशोबांची बेरीज म्हणजे बंद लिफ्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांनी अधू. त्या पैसे द्यायला तयार होत्या, पण एकट्या माणसाला अख्खी लिफ्ट कशी परवडणार? गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बाजाराने कौल दिला. या इमारतीला लिफ्ट नको होती."

यानंतर सांडपाण्याचा मुख्य पाइप तुंबला.

पाइप तुंबला की घाण वर चढत नाही, सगळ्यात खालच्या घरात येते. गृहस्थांच्या बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडे काढत वर आलं आणि हॉलपर्यंत पोचलं. चेंबर उघडून पाइप साफ करायचा तर खर्च मोठा. चौथ्या मजल्यावरच्या एका मुलाने (लिफ्टच्या वेळी सगळ्यात जास्त भुर्दंड त्याच्याच घराला बसला होता) अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, आमच्याकडे काही तुंबलेलं नाही. मग आम्ही कुठल्या नैतिक अधिकाराने...?" गृहस्थ तापले. "घाण तुमची आहे! दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं तर भरपाई द्यावी लागते!" तत्त्व म्हणून बरोबरच आहे, लिबर्टेरियन विचाराचा पायाच तो आहे. फक्त कुठल्या घरातलं काय अडकलं, हे सिद्ध कोण करणार? एका पाइपमध्ये सगळ्या मजल्यांचं पाणी.

ही अडचण आमच्या इमारतीपुरती नाही. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये दाखवलं की हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीला काही खर्चच येत नसेल, तर माणसं आपसात तोडगा काढतात. लोक यातला उत्साहवर्धक भाग पाठ करतात आणि 'खर्चच येत नसेल तर' हे सोडून देतात. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचं धुकं साचलं आणि हजारो माणसं दगावली. कुठल्या चिमणीने कोण मेलं, याचा दावा कुणी कुणावर लावायचा? शेवटी १९५६ मध्ये कायदा करावा लागला. आमच्याकडे तातडीची सभा घ्यावी लागली, आणि तिथे ठराव झाला: ड्रेनेजची वर्गणी प्रत्येक घराला सक्तीची, न देणाऱ्याला दंड. इतिवृत्त मीच लिहिलं. सूचक म्हणून खाली सही कुणाची? तळमजल्याचीच.

ते आजही म्हणतात, "तो कर नाही, करार आहे. मी राजीखुशीने सही केली." बरं, तुम्ही केलीत. चौथ्या मजल्यावरच्या मुलाने कुठे केली? तो तर विरोधात होता, तरी दंडाची तलवार त्याच्यावरही आहे. आणि उद्या तुमचं घर तुमच्या मुलीकडे जाईल, तिने कशावर सही केली? पटत नसेल तर तिने घर विकून जावं, असं म्हणणार असाल, तर सरकारही हेच म्हणतं: पटत नसेल तर देश सोडा. इथे आले की ते विषय बदलतात.

जगात प्रयोग झालेच नाहीत असं नाही. आइसलँड बघा. ९३० पासून १२६२ पर्यंत तिथे राजा नव्हता, पोलीस नव्हते. कायदा होता, न्यायसभा होती, पण निकालाची अंमलबजावणी जिंकणाऱ्याने स्वतः करायची. दुबळ्या माणसाला आपला दावा बलवानाकडे सोपवता येई. आपला सरदारही बदलता येई, आज आपण मोबाइल कंपनी बदलतो तसा. तीनशे वर्षं टिकणं ही थट्टा नव्हे, हे मान्य. पण सरदारक्या विकत घेता येत, वारशाने मिळत, त्यामुळे हळूहळू मूठभर घराण्यांच्या हातात सगळं गेलं. बदलायला दुसरा सरदारच उरला नाही. मग यादवी, आणि शेवटी नॉर्वेच्या राजाचं मांडलिकत्व. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक स्वतः लिबर्टेरियन. त्यांनीही १९७४ मध्ये हेच मांडलं होतं की खाजगी संरक्षण देणाऱ्या संस्थांमधून एक वरचढ होते आणि तिचंच छोटं राज्य बनतं. त्यांना यात वावगं वाटलं नाही. मला वाटतं. कारण त्या वरचढ संस्थेला 'छोटं राहा' असं सांगणारं कुणी शिल्लक नसतं.

दुसरं उदाहरण २०१० चं, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या ओबायन काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग). शहराच्या हद्दीबाहेरच्या घरांना अग्निशमनाची सेवा हवी असेल तर वर्षाला ७५ डॉलर भरायचे. एका घराने भरले नव्हते. आग लागली, बंब आले, आणि पैसे भरलेल्या शेजाऱ्याचं शेत वाचवून उभे राहिले. घर जळालं. मालक तिथल्या तिथे पैसे द्यायला तयार होता, घेतले नाहीत. घेतले असते तर पुढच्या वर्षी आगीआधी कुणीच भरले नसते, म्हणजे नियम निर्दय होता तरी त्यामागचा हिशोब चुकीचा नव्हता. गृहस्थ म्हणतील की ती सेवा नगरपालिकेचीच होती. होती. पण तिच्या जागी खाजगी कंपनी असती तर तिने वेगळं काय केलं असतं?

आता न्यायाचं बोलायचं तर लिबर्टेरियन लोकांचे निम्मे आक्षेप मला मान्य आहेत. परवान्यांचा सोस, माणसाच्या खाजगी आयुष्यात नाक खुपसणं, 'तुमच्या भल्यासाठी' म्हणून केलेली जबरदस्ती, यांवर त्यांच्याइतकं सातत्याने दुसरं कुणी ओरडत नाही. त्यांच्यातही एकमत नाहीच: याच गोटातले अर्थशास्त्रज्ञ हायेक किमान उत्पन्नाची हमी सरकारने द्यावी असं म्हणत, आणि दुसरे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये गरिबांसाठी उलटा प्राप्तिकर, म्हणजे कमी कमावणाऱ्याला सरकारनेच पैसे द्यायचे, असं सुचवलं होतं. शिवाय सरकार नसलं की सगळं कोसळतंच असंही नाही. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयातल्या कामासाठी. कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारी लोक स्वतः शतकानुशतकं सांभाळतात हे त्यांनी दाखवलं. मात्र त्या सगळ्या ठिकाणी राखणदार असतो, ठरलेला वाटा असतो आणि चुकणाऱ्याला चढत्या क्रमाने दंड असतो. थोडक्यात, आमच्या त्या ठरावात होतं तेच.

त्यामुळे कुणी लिबर्टेरियन समाजाचं चित्र रंगवायला लागलं की एवढंच विचारा: जो देणार नाही, त्याचं तुम्ही काय करणार? उत्तर गोल गोल आलं तर वेळ घालवू नका. सरळ आलं तर जरूर वाद घाला, मजा येते.

आणि तळमजल्याने लिफ्टचे पैसे द्यावेत का, हा विषय आमच्या पुढच्या सभेत पुन्हा आहे. माझं मत, द्यावेत. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्यांच्याही नळाला येतं, आणि ती टाकी धुणारी माणसं सगळी अवजारं घेऊन पाच मजले जिन्याने चढतात, म्हणून दुप्पट मजुरी लावतात.