आत्यानं कानात नाव कसं सांगायचं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : मुलगा आणि आयरिश सून आयर्लंडमधल्या कॉर्कला असतात. त्यांनी मुलीचं नाव ठेवलंय ते मोबाइलवर मराठीत टाइप केलं की 'फिओन्नुअला' असं उमटतं. सून म्हणते ते मात्र अगदीच वेगळं ऐकू येतं. बारसं इंदूरला करायचं ठरलंय. पत्रिकेत काय छापायचं? नावाचा अर्थ काय? तिकडे हे नाव किती चालतं? आणि ही शापाची गोष्ट आहे, असं कुणीतरी सांगितल्यापासून मनात पाल चुकचुकतेय.
– एक आजी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आजी, आधी उच्चार पक्का करू, अक्षरं मागून. सूनबाई म्हणतात तेच बरोबर आहे. नाव आहे 'फिनूला', रोमन लिपीत Fionnuala. इंग्रजी बोलताना जोर 'नू'वर पडतो, आयरिश भाषेत तो पहिल्या अक्षरावर, म्हणजे 'फि'वर येतो. दोन्ही उच्चार तिथे चालतात. मोबाइल चुकतो, कारण तो रोमन अक्षरं एकेक करून वाचतो. या नावाच्या आयरिश लेखनात 'एफ'नंतरच्या 'आयओ'चा मिळून ऱ्हस्व 'इ' होतो आणि 'यूए'चा दीर्घ 'ऊ'. 'ओ' आणि 'अ' वेगळे उच्चारायचेच नसतात. म्हणून पत्रिकेत 'फिनूला' छापा, 'नू' दीर्घ. 'फिओनुला' किंवा 'फियोना' छापू नका. फियोना हे निराळं नाव आहे, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश लेखकांच्या लेखणीतून रुळलेलं. दोन्हींत 'फिन' हा शब्द आहे, नातं एवढंच.

अर्थ सांगायला मराठी माणसाला फार कष्ट नाहीत, कारण हा सरळ बहुव्रीही समास आहे. 'फिन' म्हणजे शुभ्र, गोरं. 'गुअला' म्हणजे खांदा. पीत आहे अंबर ज्याचं तो पीतांबर, तशी शुभ्र आहेत खांदे जिचे ती फिनूला. आपल्याकडच्या सुनयना, गौरांगी या नावांच्या पंक्तीत ते सहज बसतं. आयरिश समासात दुसऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ होतं. लिहिताना 'ग'पुढे 'ह' जोडतात आणि बोलताना तो घशातला हलका घर्षणाचा आवाज उरतो. या नावात तोही विरला. त्यामुळे जुन्या लेखनात रोमन अकरा अक्षरं दिसतात, मधे 'जीएच' असतं, आणि आजच्या लेखनात नऊ. एखाद्या जुन्या पुस्तकात लांबलचक नाव दिसलं तर गोंधळू नका, नाव तेच. 'या नावाचा अर्थ हंस' असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडेल, ते चूक आहे. हंस कथेतून आला, शब्दातून नाही.

आता ती कथा. तुमच्या मनातली शंका दूर व्हायची तर ती नीट ऐकायला हवी. आयरिश दंतकथेतल्या लिरची चार मुलं. फिनूला आणि तिचा भाऊ 'ए' हे जुळे, फीअख्रा आणि कॉन हे दुसरे जुळे. आई वारल्यावर तिचीच बहीण ईफा सावत्र आई होऊन आली. मत्सरानं तिनं चौघांना वेस्टमीथ परगण्यातल्या डेरावारा सरोवरावर नेलं आणि मंत्रानं त्यांचे हंस केले. वाणी आणि गाणं मात्र त्यांच्याकडे राहिलं. शाप नऊशे वर्षांचा होता. पहिली तीनशे डेरावारावर, पुढची तीनशे आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या मधल्या थंड, वादळी मॉइलच्या सामुद्रधुनीत, शेवटची तीनशे पश्चिमेला मेयोच्या किनाऱ्याजवळ. मॉइलमधल्या गोठवणाऱ्या रात्री फिनूलानं भावांना आपल्या अंगाखाली घेतलं. कॉन उजव्या पंखाखाली, फीअख्रा डाव्या, आणि ए छातीच्या पिसांत. शेवटी घंटेचा नाद झाला, चौघं पुन्हा माणसं झाली, तोवर वयानं जर्जर झालेली. तेव्हा तिनं मागितलं काय, तर पुरताना भावांना त्याच जागी ठेवा, एक उजवीकडे, एक डावीकडे, एक समोर.

शापाची शिक्षा ईफाला झाली, ती हवेतली पिशाच्च झाली. फिनूलाच्या वाट्याला आलं ते धाकट्यांना सांभाळणं. नावात खांदे आहेत आणि कथेत पंख, ही सांगड आम्हाला तरी फार सुंदर वाटते. आयर्लंडमध्ये या कथेला अशुभ मानत नाहीत. स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांच्या स्मरणार्थ डब्लिनमध्ये 1966 साली जी बाग उघडली, तिथे 1971 मध्ये शिल्पकार उशीन केली यांचं लिरच्या मुलांचं शिल्प बसवलं गेलं. माणसांतून वर उठणारे हंस, म्हणजे देशाचा पुनर्जन्म. एवढ्या मानाच्या जागी असलेलं नाव नातीला ठेवताना मन मागे घेऊ नका. एकच सांभाळा : पुढे धाकटी बहीण आली तर तिचं नाव 'ईफा' ठेवू नका. तिकडे ते पुष्कळ चालतं आणि नाव म्हणून छानच आहे, पण या दोन नावांची जोडी घरात नको.

लाडाचं नाव तयारच आहे : 'नूला'. तिकडे ते स्वतंत्र नाव म्हणूनही चालतं आणि जुनं आहे. 1607 मध्ये आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताचे सरदार देश सोडून युरोपात गेले, त्यांच्यात ओडॉनेल घराण्याची नूला होती. राशीचं अक्षर पाहणार असाल तर 'नू' हे अनुराधा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं, रास वृश्चिक. 'फा' पूर्वाषाढाच्या तिसऱ्या चरणाचं, रास धनू. नातीचं नक्षत्र यांपैकी नसेल तर राशीचं नाव पाळण्यात वेगळं ठेवा, आपल्याकडे ती सोय आहेच.

बारशाला आत्यानं सूनबाईंकडून नाव आवाजी संदेशात मागवून चार दिवस म्हणून पाहावं. कानात सांगताना 'फि' आखूड आणि 'नू' लांब, एवढं जपलं की झालं. 'फी-नु-ला' असं उलटं होण्याचा धोका जास्त, कारण मराठी जीभ पहिलं अक्षर ताणते. तांदळावर अंगठीनं नाव काढताना देवनागरीतच काढा.

कागदपत्रांत मात्र सैलपणा नको. आयरिश जन्मदाखल्यात कधी 'यू'वर तिरकी रेघ असते. तिला तिकडे 'फादा' म्हणतात, म्हणजे दीर्घ, आपल्या दीर्घ उकारासारखीच. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत अशी रेघ येत नाही, साधी अक्षरं येतात. विमानाचं तिकीट त्या ओळींप्रमाणे काढा. ओसीआय कार्डाच्या (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या) अर्जात नाव परदेशी पासपोर्टवर असेल तेच लागतं. तिथे वडिलांचं नाव मधे नसेल तर इथल्या सवयीनं घालू नका, अर्ज अडकतो तो बहुधा अशाच तफावतीमुळे. पुढे कधी इथल्या एखाद्या अर्जावर हिंदीतलं नाव यंत्र आपोआप भरेल, तेव्हा पडद्यावर 'फिओन्नुअला' आलं तर अर्ज पाठवण्याआधीच ते बदलून घ्या.

राहिलं किती चालतं ते. आज तिकडे हे आई-मावशीच्या पिढीचं नाव समजतात. अभिनेत्री फिनूला फ्लॅनागन यांचा जन्म 1941 चा. त्या आपल्या नावातला 'यू'नंतरचा 'ए' गाळून लिहितात. 1995 ची युरोव्हिजन गीतस्पर्धा नॉर्वेनं जिंकली, तेव्हा त्या जोडीतल्या व्हायोलिनवादक फिनूला शेरी आयरिशच होत्या. आता नव्या मुलींत हे नाव विरळा ऐकू येतं. म्हणजे वर्गात दुसरी फिनूला भेटण्याची शक्यता कमी, आणि शिक्षकांना मात्र नाव वाचता येईल.

प्रश्न : एखादं आयरिश नाव दुर्मीळ आहे की नाही, हे घरबसल्या कसं तपासायचं?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आयर्लंडचं सेंट्रल स्टॅटिस्टिक्स ऑफिस 1964 पासूनची नावांची आकडेवारी खुली ठेवतं. वर्ष आणि नाव टाकलं की संख्या दिसते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्या वर्षी तीनांपेक्षा कमी मुलींना दिलेलं नाव यादीत दाखवतच नाहीत, त्यामुळे 'सापडलं नाही' म्हणजे 'कुणीच ठेवलं नाही' असं नव्हे. दुसरं, प्रत्येक लेखन वेगळं मोजतात. फिनूलासारख्या नावाची चार-पाच लेखनं स्वतंत्र शोधून बेरीज करावी लागते, नाहीतर नाव आहे त्याहून दुर्मीळ भासतं. आणि ऐकायला अनोळखी म्हणून दुर्मीळ, असंही समजू नका. 'फीआ' आपल्याला नवखं वाटतं, पण 2021 मध्ये आयर्लंडमध्ये मुलींच्या नावांत ते पहिलं होतं.

प्रश्न : मराठीत वाचताना विचित्र वाटणार नाही असं छोटं आयरिश नाव सुचवाल का? 'ऊना' आवडलं आहे. मूल इंदुरातच जन्मणार आहे.
– एक दांपत्य, इंदूर

उत्तर : 'ऊना' गोड आहे, पण मराठी कानाला त्यात 'उणा' ऐकू येतं, आणि मुलीला कुणी उणं म्हणावं असं आम्हाला वाटत नाही. 'ओर्ला' पाहा, अर्थ सोनेरी राजकन्या. 'नीव्ह' म्हणजे तेजस्वी. हे रोमन लिपीत लिहिताना शेवटी 'एमएच' येतं आणि ते 'व्ह' वाचायचं असतं, हे शाळेत दरवर्षी सांगावं लागेल. घाई करू नका. जन्मनोंदणी नावाशिवाय होते. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र एकदा चढलेलं नाव बदलणं कठीण, म्हणून रोमन आणि देवनागरी दोन्ही लेखनं घरी कागदावर लिहूनच खिडकीवर जा.